घरातला लिंबूटिंबू: ‘अ डेथ इन द गंज’

लहानपणी आजोळी खेळ मांडला की एखादं पोर नको असताना गळ्यात पडायचं. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर पाहुण्यांचा मुलगा. आजी सोप्यातून ओरडायची, ‘त्यालाही घ्या रे.’ मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. त्याने पळायचं, धापा टाकायच्या, गुडघेही फोडून घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. पोर खूश, आजी खूश, आणि आम्ही त्याला ओलांडून पळायला मोकळे.

हा शब्द इतक्या वर्षांनी आठवला तो कोंकणा सेन शर्माने दिग्दर्शित केलेला पहिला मोठा सिनेमा बघताना. त्यातला शुटू तेवीस वर्षांचा आहे. नुकतेच वडील गेलेत, परीक्षेत नापास झालाय, आणि नातेवाइकांच्या घोळक्यात सुट्टीला आलाय. वयाने मोठ्यांत, पण त्याला बसवतात लहान मुलीबरोबर. खेळात घेतात ते लिंबूटिंबू म्हणून.

सिनेमा २ जून २०१७ ला प्रदर्शित झाला. त्याआधी २०१६ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी मुंबईच्या मामि महोत्सवाचं उद्घाटन त्यानेच झालं. हे सगळं मला मुलीने सांगितलं. ती पुण्याहून दोन दिवस आली होती. बाहेर जुलैचा पाऊस, लाइट येऊनजाऊन. तिने टीव्हीवर लावून दिला आणि वर दम भरला, ‘बाबा, मध्ये मोबाइल हातात घ्यायचा नाही.’ आमच्या हिने गवारीची परडी मांडीवर घेतली होती. पाच मिनिटांत परडी खाली गेली.

कारण सुरुवातच अशी आहे. दोन माणसं गाडीच्या डिकीत वाकून बघताहेत. डिकीत मढं आहे. कुणाचं, ते आपल्याला दिसत नाही. ते दोघे बोलतात मात्र अशा सुरात, की बोजा नीट बसतोय का, दार लागेल का. आणि मग पाटी येते: एक आठवडा आधी.

‘आधीच सांगून टाकलं की! आता काय बघायचं?’ ही म्हणाली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण पुढे पावणेदोन तास जे चालतं, ते एरवी आपण बघितलंच नसतं. जेवणं, पत्ते, दारू, एकमेकांच्या टिंगली, स्वेटर वाळत घालणं. एकही माणूस एकमेकाच्या जिवावर उठलेला नाही. मढं आधी दाखवल्यामुळे प्रत्येक हसण्याकडे लक्ष जातं. कोण हसलं, कोण हसायचं म्हणून हसलं, कुणी मान खाली घातली. भांडण-खूनखराबा बघायला बसलेल्या माणसाला दिग्दर्शिका चेष्टामस्करी बघायला लावते.

गोष्ट घडते मॅक्लस्कीगंजला, १९७९ साली. रांचीपासून साठेक किलोमीटरवरचं हे गाव. तेव्हा बिहारात, आता झारखंडात. अर्नेस्ट टिमथी मॅक्लस्की नावाच्या कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन गृहस्थाने १९३३ मध्ये रातूच्या महाराजांकडून सुमारे दहा हजार एकर जमीन भाडेपट्ट्याने मिळवली आणि आपल्या समाजासाठी वसाहत उभी करायला घेतली. इंग्रज आपले मानत नाहीत, हिंदुस्थानी आपले मानत नाहीत, तर आपलंच एक गाव असावं, असा तो बेत. शे-दोनशे नव्हे, काहीशे कुटुंबं तिथे आली. पुढे स्वातंत्र्य आलं, पोरं परदेशी गेली, बंगले ओस पडत गेले. कोंकणाच्या आईवडिलांचं तिथे घर होतं, आणि हा सिनेमा तिच्या वडिलांच्या, मुकुल शर्मांच्या कथेवर बेतलेला आहे. चित्रीकरणही तिथेच झालंय. त्यामुळे बंगला सेटसारखा वाटत नाही. थंडीत जुन्या घराला जो एक बंद खोलीचा वास असतो, तो येतो म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी दिव्यांखाली माणसं अर्धी उजेडात, अर्धी काळोखात. शीर्षा रे यांचा कॅमेरा. बघताना टीव्हीचा ब्राइटनेस वाढवायचा मोह होईल, तो आवरा.

कलकत्त्याहून गाडीतून नंदू, त्याची बायको बोनी, त्यांची आठेक वर्षांची मुलगी तानी, बोनीची मैत्रीण मिमी आणि शुटू येतात. नंदूचे आईवडील, बक्षी पतिपत्नी, गंजमध्येच राहतात. गावात नंदूचे जुने दोस्त आहेत, विक्रम आणि ब्रायन. विक्रमचं नुकतंच लग्न झालंय, पण मिमीशी त्याचं जुनं प्रकरण आहे आणि ते विझलेलं नाही. एवढीच माणसं. शुटू नंदूचा भाऊ लागतो, सख्खा नाही. हे ‘सख्खा नाही’ फार महत्त्वाचं आहे. सख्खा असता तर कुणीतरी रागावलं असतं, मारलं असतं, समजूत काढली असती. लांबच्या नात्यातल्या पोराला वाढतात जेवायला पोटभर, आणि विचारत कुणी काही नाही.

आता विक्रम. रणवीर शौरीने तो असा केलाय, की पहिल्या पाच मिनिटांत मला माझ्या दोन मेहुण्यांची आठवण झाली (नावं सांगत नाही, दोघेही हे वाचतील). मोठ्याने बोलणारा, पाठीवर थाप मारणारा, ‘अरे गंमत केली’ म्हणणारा. तो आला की महफिल जमते. वाईट माणूस म्हणून दाखवलेला नाही, हेच अवघड आहे. सगळ्यांना तो हवा असतो. शुटूलासुद्धा त्याच्यासारखं व्हायचंय, निदान त्याच्या टोळीत घ्यावं एवढं तरी.

कबड्डीचा प्रसंग बघा. अंगणात दुपारी सगळे मिळून खेळताहेत, बायका बघताहेत, हशा चाललाय. विक्रम आणि शुटू समोरासमोर येतात आणि विक्रम त्याला जमिनीवर आपटतो. दिसायला खेळातलाच डाव. पण तो जरा जास्त वेळ चालतो. बघणाऱ्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहतं, डोळ्यांतलं जातं. कुणी म्हणत नाही की बस झालं. मी कबड्डी खेळलोय, आमच्या गल्लीच्या संघात डावा कोपरा सांभाळायचो. पकड कुठे संपते आणि राग कुठे सुरू होतो, हे मैदानातल्या प्रत्येकाला कळतं. पंचाला कळायला उशीर लागतो. इथे तर पंचच नाही.

त्याआधी एका रात्री सगळे प्लँचेट करायला बसतात. आत्मा वगैरे येतो, आणि तो सगळा बनाव शुटूला घाबरवायला रचलेला असतो. ज्याचे वडील नुकते गेलेत, त्याच्यासमोर मेलेल्यांना बोलवायचा खेळ. यात कुणाच्या मनात विष नाही. कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. मला वाटतं दिग्दर्शिकेने अख्ख्या सिनेमाचा जीव या ‘लक्षातच न येण्यात’ ठेवलाय.

विक्रांत मॅसी तेव्हा मालिकांमधून सिनेमात आलेला मुलगा होता. आज त्याला सगळे ओळखतात, पण मला त्याचं हे काम जास्त मोठं वाटतं. तो शुटूला बिचारा करत नाही. खांदे थोडे आत, वडिलांचा स्वेटर अंगावर, बोलताना समोरच्याच्या हनुवटीकडे बघतो. तानीबरोबर असला की वेगळाच. शब्दांशी खेळतो, किडामुंगी न्याहाळतो, मनापासून हसतो. मोठ्यांच्या खोलीत शिरला की तोच मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा. आत यायचं की नाही, हे कुणीतरी सांगेल याची वाट बघत. घरोघरी असा एक जण चौकटीला टेकलेला असतो. फोटोतही तो कडेलाच असतो आणि अर्धा कापला जातो.

मिमीचं काम कल्की कोचलीनने केलंय. मिमी शुटूला जवळ करते, स्वतःचं दुखणं विसरायला. तिला त्यात फार काही नसतं आणि त्याला त्यात सगळं असतं. यात तिला खलनायिका करून टाकणं सोपं होतं. तसं केलेलं नाही, पण तिच्या वागण्याला सूटही दिलेली नाही. तिलोत्तमा शोमची बोनी मात्र आमच्या घरात सर्वांत जास्त बोलली गेली. बोनी चांगली आहे. शुटूची बाजू घेते, त्याला जेवायला हाक मारते. पण एकदा मुलीच्या काळजीने तिचा तोल सुटतो आणि ती त्याला जे बोलते, ते ऐकताना ही एकदम म्हणाली, ‘ही मीच आहे.’ मुलीने तिच्याकडे बघितलं, मी बघितलं नाही.

ओम पुरी आणि तनुजा म्हणजे बक्षी पतिपत्नी. दोघांना फार काही करायचं नाही, पण त्यांच्या असण्याने घराला वय येतं. ओम पुरी ६ जानेवारी २०१७ ला गेले, सिनेमा प्रदर्शित होण्याच्या पाचच महिने आधी. त्यांची पडद्यावरची सुरुवात मराठीतून, १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधून झाली होती, म्हणून आपल्याला जरा जास्तच लागतं. तनुजा तर शोभना समर्थांच्या घरातल्या, आणि साठच्या दशकात बंगाली सिनेमे केलेल्या. त्यामुळे त्या घरात त्यांचं वावरणं जराही उपरं वाटत नाही. जिम सर्भचा ब्रायन आणि गुलशन देवैयाचा नंदू यांच्याबद्दल थोडं पुढे.

हा सिनेमा माझ्यापर्यंत पोचला तो खड्ड्याच्या प्रसंगाने. तानी सापडत नाही म्हणून सगळे जंगलात शोधायला निघतात. शोधताना शुटू अंधारात एका खड्ड्यात पडतो. जनावर पकडायला खणलेला, खोल. ओरडतो. ऐकायला कुणी नाही. इकडे तानी सापडते, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, मिठ्या, रडणं, चहा. आणि शुटू घरात नाही, हे बराच वेळ कुणाच्या गावीही नसतं.

इथे मी मुलीला सिनेमा थांबवायला सांगितलं. पाणी प्यायचं निमित्त केलं.

आमचं आजोळ वाळवा तालुक्यात. ‘गंज’ म्हटलं की मला मॅक्लस्कीगंज नाही, कडब्याची गंज आठवते. वाड्याच्या मागे परड्यात दोन असायच्या, पुरुषभर उंचीच्या. माझा एक मावसभाऊ मे महिन्यात डोंबिवलीहून यायचा. आमच्याहून चार वर्षांनी लहान, आणि बोलताना ‘क’ आणि ‘प’ला अडखळायचा. आम्ही त्याला पाहुण्यांसमोर ‘कच्चा पापड पक्का पापड’ म्हणायला लावायचो. सगळे हसायचे. मोठी माणसंसुद्धा. तोही हसायचा.

एका संध्याकाळी लपाछपी चालली होती. तो लिंबूटिंबू होताच. त्याने कुठे लपायचं ते लपू दे, त्याला शोधायची गरज नव्हती, कारण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येणार नव्हतं. खेळ संपला, आम्ही आंबे खायला बसलो, मग पानं मांडली. मावशीने ताटं मोजली तेव्हा एक जास्त. कंदील घेऊन सगळे परड्यात. तो कडब्याच्या गंजीत मागच्या बाजूने पेंढ्या ओढून केलेल्या भोकात बसला होता. साप-विंचवाची जागा. अंगभर कुसं टोचलेली. मामाने त्याला बाहेर ओढलं आणि पहिली थोबाडीत मारली, काळजीने. मग विचारलं, ‘बाहेर का नाही आलास रे?’ त्याला ते सांगायला फार वेळ लागला. ‘कु-कुणी शोधायला आलं नाही.’ आणि आम्ही हसलो. मला आठवतंय, आम्ही हसलो.

म्हणून सांगतो, मी विक्रम नव्हतो. माझ्यात तेवढा दम नव्हता. मी नंदू होतो. गुलशन देवैयाने नंदू असा केलाय की त्याचा राग येत नाही. भला माणूस, भावाचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नाही, फक्त दोस्तांसमोर त्याची बाजू घ्यायला त्याला जमत नाही. घ्यायला गेलं तर हसं होईल. ब्रायन त्याच्या बाजूला बसून ग्लास भरत राहतो. अशा दोघा-तिघांच्या जिवावरच एखाद्या विक्रमची महफिल चालते. सिनेमात विक्रमवर चिडायला सगळे तयार असतात. नंदूच्या चेहऱ्याकडे बघा, दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तरी.

मामि महोत्सवात या सिनेमाला लिंगसमानतेवरच्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता, हे मुलीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यात बाईवर अन्याय कुठेय? ती म्हणाली, ‘बाबा, पुरुष म्हणून पास होण्याची परीक्षा आहे ती. शुटू त्यातही नापास.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. पुढे २०१८ मध्ये कोंकणाला पदार्पणातल्या दिग्दर्शनासाठी फिल्मफेअरही मिळालं.

तक्रारी आहेत. विक्रमची नवी बायको पूर्णिमा नुसती दागिन्यांनी मढवून बसवलीय. नवऱ्याचं काय चाललंय हे तिला कळतं की नाही, कळलं तर ती त्याचं काय करते, यात एक अख्खी गोष्ट होती. दिग्दर्शिकेने तिला दोन-चार नजरांवर बोळवलं. घरात राबणारं नोकर जोडपंही तसंच. बंगल्यातल्या माणसांना ते दिसत नाहीत हे दाखवायचं होतं, मान्य. पण मग कॅमेऱ्यालाही ते फारसे दिसलेले नाहीत. शुटू मोठ्यांच्या जगात कडेला, तर ही माणसं शुटूच्याही कडेला आहेत, आणि तिथवर सिनेमा जात नाही.

दुसरं, भाषा. इंग्रजी, बंगाली आणि हिंदी असं मिसळून बोलतात, निम्म्याहून जास्त इंग्रजी. त्या काळची कलकत्त्याकडची तशी घरं तसंच बोलत असणार, खोटं वाटत नाही. पण सबटायटल चालू ठेवा. हिला मध्ये मध्ये मुलीला विचारावं लागलं आणि त्यात दोन चांगली वाक्यं निसटली. जेवताना, टिंगल करताना बारीक आवाजात बोलतात, मागे मालिकेसारखा ढोल वाजत नाही. सागर देसाईंचं संगीत अगदी मोजकं आहे. मिक्सर चालू असताना बघायचा हा सिनेमा नाही.

तिसरी तक्रार हिची, मी नुसती पोचवतो. शेवट फार पटकन येतो, म्हणे. सगळा आठवडा सावकाश, आणि मग एकदम. मला उलट वाटलं. जे व्हायचं ते होऊन जातं तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ते एकदमच वाटतं. आम्ही त्यावर जेवताना वाद घातला, आणि गवारीची भाजी राहून गेली ती गेलीच. डिकीत कोण आहे ते मी लिहिणार नाही. तुम्हाला अर्ध्यात कळेल, आणि कळल्यावर उठून जावंसं वाटणार नाही, एवढं सांगतो.

लहान मुलांबरोबर बघू नका. शरीरसंबंधाचे प्रसंग आहेत, आणि शेवट जड आहे. घरात कुणी सध्या फार खचलेलं असेल, तर त्याच्याबरोबर तर नकोच; त्याला सिनेमा दाखवण्याऐवजी त्याच्याजवळ बसा. पाहुण्यांच्या गर्दीत, गणपतीत किंवा लग्नघरी वेळ काढायला लावायचा हा सिनेमा नव्हे, कारण तो अशाच गर्दीबद्दल आहे. दोघं-तिघं असताना, रात्री, एका बैठकीत. मध्ये जाहिराती येणार असतील तर नंतर बघा.

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला फोन केला. मावसभाऊ आता पन्नाशीला आलाय. अडखळणं बरंच गेलंय, फोनवर मात्र थोडं राहिलंय. मी सहज म्हणून सिनेमाचं नाव काढलं. म्हणाला, ‘बघितलाय.’ कधी, तर आला तेव्हाच, थेटरात, एकट्याने. मी थांबलो, तो आणखी काही बोलेल म्हणून. त्याने विचारलं, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं. मी सांगितलं.